समुद्रतळीचे अरण्य

अरण्य हा शब्द उच्चारताच उंच वृक्ष, पानांतून झिरपणारा प्रकाश, फांद्यांवरील पाखरे आणि झुडपांआडून डोकावणारी श्वापदे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ज्या अरण्यात पाखरांच्या ठिकाणी मासे विहार करतात, जेथे वारा नव्हे तर लाटा वृक्षांचे शेंडे हलवितात आणि जेथे जाणाऱ्या माणसाला आपल्या श्वासाची शिदोरी पाठीवर बांधून न्यावी लागते, असेही एक अरण्य या पृथ्वीवर आहे. ते भूमीवर नाही, समुद्राच्या पोटात आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यात, माँटेरे नावाचा उपसागर आहे. त्याच्या खडकाळ काठाशी हे अरण्य उभे आहे. मुलांनो, आज आपण कल्पनेने एका पाणबुड्याची सोबत करून तेथे जाऊन येऊ या.

माँटेरेचा समुद्र प्रथमदर्शनी मुळीच मोहक वाटत नाही. भर उन्हाळ्यातही त्यात पाय बुडविताच अंगावर शहारे येतात. आपल्या कोकणकिनाऱ्याचे पाणी बहुतेक काळ २५ अंश सेल्सिअसहून अधिक उबदार असते. माँटेरेचे पाणी वर्षभर साधारणपणे १० ते १५ अंशांच्या दरम्यान राहते. त्याचा रंगही निळाशार नसतो. ते हिरवट आणि काहीसे गढूळ दिसते. असल्या पाण्यात पाहण्यासारखे काय असणार, असे कोणालाही वाटेल. परंतु हा हिरवटपणाच त्या समुद्राच्या श्रीमंतीची खूण आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म वनस्पती त्या पाण्यात तरंगत असतात, म्हणून ते हिरवे दिसते.

ही श्रीमंती येते कोठून? वसंत ऋतू सुरू झाला की या किनाऱ्याला समांतर असे वायव्येचे वारे वाहू लागतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे या वाऱ्यांनी ढकललेले वरचे पाणी सरळ पुढे न जाता उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्राकडे वळते. त्याची जागा भरून काढण्यासाठी खोल समुद्रातील थंडगार पाणी वर येते. समुद्रात मरणाऱ्या जीवांचे अवशेष सतत खाली जात असतात आणि तेथे कुजून त्यांचे क्षार पाण्यात मिसळतात. वर येणारे पाणी हे क्षार आपल्याबरोबर घेऊन येते. शेतकरी पेरणीपूर्वी शेताला खत देतो, तसेच हे आहे. खत मिळाले की सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी पोसले जातात, त्यांवर लहान मासे, लहान माशांवर मोठे मासे, आणि मोठ्या माशांवर सील, जलसिंह आणि समुद्रपक्षी. समुद्राच्या या साऱ्या संसाराचे मूळ त्या थंड पाण्यात आहे.

अशा पाण्यात उतरावयाचे तर माणसापुढे तीन अडचणी उभ्या राहतात. पहिली श्वासाची, दुसरी थंडीची आणि तिसरी पाण्याच्या दाबाची.

पूर्वीचे पाणबुडे डोक्यावर धातूचे अवजड शिरस्त्राण चढवून खाली जात आणि होडीवरील माणसे पंपाने नळीतून त्यांना हवा पुरवीत. नळीच्या लांबीपलीकडे त्यांना जाता येत नसे. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो हा नौदलातील अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता या दोघांनी ही बेडी तोडली. दुसऱ्या महायुद्धामुळे तेव्हा पेट्रोलची टंचाई होती. मोटारी इतर वायूंवर चालाव्यात म्हणून गान्यां याने वायूचा पुरवठा हवा तेवढाच करणारी एक झडप तयार केली होती. तिच्यात योग्य ते फेरफार करून त्यांनी ती दाबून भरलेल्या हवेच्या नळकांड्याला जोडली. पाणबुड्याने श्वास ओढला की झडप उघडावी, त्याला भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा मिळावी आणि श्वास सोडला की ती हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर जावी, अशी ही योजना होती. पाठीवर हवा घेऊन मोकळेपणाने पोहण्याच्या या पद्धतीला आज स्कूबा म्हणतात.

थंडीचे निवारण व्हावयास आणखी काही वर्षे जावी लागली. स्थिर हवेपेक्षा पाणी आपल्या अंगातील उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने काढून घेते. त्यामुळे माँटेरेच्या पाण्यात साध्या कपड्यांनिशी उतरलेला माणूस थोड्याच वेळात थरथर कापू लागतो आणि त्याची बोटे बधिर होतात. १९५२ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातील ह्यू ब्रॅडनर या पदार्थवैज्ञानिकाने एक युक्ती काढली. अंग कोरडे ठेवण्याची गरजच नाही, असे त्याच्या ध्यानात आले. ज्या रबरासारख्या पदार्थात वायूचे सूक्ष्म बुडबुडे अडकलेले आहेत, त्याचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख केला, तर आत थोडे पाणी शिरले तरी ऊब टिकून राहते. लोकरीच्या कांबळ्यात अडकलेली हवा आपल्याला ऊब देते, तसेच हे बुडबुडे पाणबुड्याला ऊब देतात.

तिसरी अडचण मात्र कोणत्याही यंत्राने पूर्णपणे नाहीशी होत नाही. तिच्यावर शिस्त हाच उपाय आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला वातावरणाच्या दाबाइतका आणखी एक दाब वाढतो. समजा, १० मीटर खोलीवर कोणी छातीभर श्वास घेतला आणि तो रोखून तसाच वर येऊ लागला. वर येताना दाब कमी होतो आणि छातीतील हवा फुगत जाते. पृष्ठभागी पोहोचेपर्यंत ती दुप्पट जागा मागते. एवढी जागा फुप्फुसात नसल्यामुळे त्यांना गंभीर इजा होते. म्हणून श्वास कधीही रोखावयाचा नाही, हा पाणबुड्याचा पहिला नियम आहे. दुसरा नियम असा की, वर येताना घाई करावयाची नाही. दाबाखाली घेतलेल्या हवेतील नत्रवायू रक्तात व शरीरात विरघळतो. माणूस हळूहळू वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. एकदम वर आल्यास, सोड्याच्या बाटलीचे बूच काढताच जसे बुडबुडे उसळतात, तसे ते शरीरात निर्माण होतात आणि प्राणावरही बेततात. तिसरा नियम म्हणजे एकट्याने कधीही उतरावयाचे नाही. प्रत्येकाला एक जोडीदार असतो आणि दोघेही एकमेकांच्या हवेची चौकशी हाताच्या खुणांनी करीत राहतात.

आता आपला पाणबुडा सज्ज झाला आहे. जाड पोशाख, हातमोजे, पायांत पोहण्याचे पंख, कमरेला शिशाची वजने आणि डोळ्यांवर काचेचा मुखवटा. जोडीदाराने मान हलविली, दोघांनी पोशाखातील हवा सोडली आणि ते हळूहळू खाली जाऊ लागले. वरचा लाटांचा गलबला एकाएकी थांबला. आता ऐकू येतो तो केवळ आपल्याच श्वासाचा आवाज.

थोडे खाली जाताच अरण्य दिसू लागते. येथील वृक्ष म्हणजे केल्प नावाचे प्रचंड तपकिरी शैवाल होय. ही खरी वनस्पती नव्हे. तिला मुळे नाहीत, खोड नाही, फुले नाहीत. मुळांसारख्या दिसणाऱ्या बळकट तंतूंनी ती खडकाला घट्ट मिठी मारून बसते आणि दोरासारखा लवचिक देठ वर पाठविते. त्या देठावर लांबट पाती असतात आणि प्रत्येक पात्याच्या बुडाशी वायूने भरलेला एक लहानसा फुगा असतो. या फुग्यांच्या आधाराने केल्प उभी राहते. आपल्या कोकणातील माड पंचवीस मीटर उंच झाला तर आपण मान वर करून त्याच्याकडे पाहतो. केल्प तीस मीटरहूनही अधिक लांब होते, आणि अनुकूल काळात ती एका दिवसात ३० सेंटिमीटर, कधी त्याहूनही अधिक वाढते. पृष्ठभागी पोहोचल्यावरही तिची वाढ थांबत नाही. ती पाण्यावर आडवी पसरते आणि अरण्यावर सोनेरी छत धरते. त्या छताच्या फटींतून सूर्याचे कवडसे तिरपे खाली उतरतात आणि लाटेबरोबर सारे अरण्य एकाच वेळी एका बाजूला झुकते व पुन्हा सावरते.

पाणी जसजसे खोल, तसतसे रंग नाहीसे होत जातात. प्रथम तांबडा जातो, मग नारिंगी. शेवटी सर्वत्र हिरवट करडी छाया उरते. पाणबुडा आपला विजेरीचा झोत खडकावर टाकतो आणि आश्चर्य घडते. जो खडक क्षणापूर्वी राखाडी दिसत होता, त्यावर गुलाबी समुद्रफुलांचा गालिचा पसरलेला दिसतो. ही फुले नव्हेत, ते प्राणी आहेत. त्यांच्या पाकळ्यांना विषारी दंश असतो आणि त्या पाकळ्यांनी ती आपले भक्ष्य पकडतात. शेजारीच एक कवच नसलेली सागरी गोगलगाय नारिंगी ठिपके मिरवीत संथपणे चालली आहे. पलीकडे शैवालाचा एक झुबका हळूच सरकला! नीट पाहिले तर तो खेकडा आहे. या जातीचा खेकडा शैवालाचे व स्पंजांचे तुकडे स्वतःच्या पाठीवर चिकटवून घेतो आणि शत्रूच्या नजरेतून सुटतो. खडकाच्या कपारीत लिंगकॉड नावाचा एक मोठ्या जबड्याचा मासा निश्चल पडून आहे. पाणबुडा जवळ आला तरी तो हालत नाही. त्याच्यामागे पांढऱ्या अंड्यांचा पुंजका आहे. मादी अंडी घालून निघून जाते आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत नर कित्येक आठवडे त्यांचे रक्षण करतो.

एवढ्यात कोणीतरी मागून पायातील पंख ओढते. वळून पाहावे तो एक सीलचे पिल्लू! मोठाले काळेभोर डोळे रोखून ते क्षणभर पाहते आणि गिरकी घेऊन केल्पच्या देठांत नाहीसे होते. पाणबुडाही या देठांत कधी कधी अडकतो. अशा वेळी धडपड केली तर गुंता वाढतो. शांत राहून देठ हाताने वाकवून मोडला, की तो काडीसारखा तुटतो. अरण्यात नवख्याला शिकावा लागणारा हा आणखी एक धडा.

१८३४ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी गेलेल्या चार्ल्स डार्विनने तेथील केल्पचे असेच अरण्य पाहिले होते. उष्ण प्रदेशातील एखादे जंगल नष्ट झाले तर जितके प्राणी नाश पावतील, त्यांहून कितीतरी अधिक जातींचे जीव केल्प नष्ट झाल्यास नाहीसे होतील, असे त्याने लिहून ठेवले. डार्विनजवळ पाण्याखाली जाण्याचे साधन नव्हते. वर ओढून काढलेल्या केल्पच्या गुंत्यातील जीव पाहूनच त्याने हे अनुमान केले होते. पुढे तसेच संकट याच महासागराच्या काठी येऊ घातले होते. ते समजण्यासाठी आपल्याला या अरण्याच्या एका राखणदाराची ओळख करून घेतली पाहिजे.

पाणमांजर हा प्राणी आपल्याकडे नवा नाही. कोकणातील नद्यांत व खाड्यांत तो आढळतो. त्याचाच एक मोठा भाऊबंद उत्तर पॅसिफिक महासागराच्या थंड पाण्यात राहतो. त्याला सागरी पाणमांजर म्हणतात. सील किंवा देवमासा यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. सागरी पाणमांजराला तो नाही. त्याऐवजी त्याच्या अंगावर इतकी दाट लव असते की तितकी दुसऱ्या कोणत्याही सस्तन प्राण्याला नाही. त्या लवेत हवा अडकून राहते आणि बर्फासारखे पाणी कातडीला शिवतही नाही. अंगातील ऊब टिकविण्यासाठी त्याला भरपूर खावेही लागते. आपल्या वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतके अन्न ते रोज फस्त करते. खेकडे, शिंपले आणि सागरी अर्चिन हे त्याचे आवडते खाद्य. तळातून भक्ष्य आणावे, पाण्यावर उताणे पडावे, छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपला आपटून फोडावा आणि खाऊन झाल्यावर केल्पचे पाते अंगाभोवती गुंडाळून निवांत झोपी जावे, असा त्याचा दिनक्रम असतो.

सागरी अर्चिन हा साळिंदरासारखे काटे असलेला, लिंबाएवढा गोल प्राणी. त्याचे खाद्य केल्प. अर्चिन थोडे असले तर ते कपारीत बसून वाहत येणारी तुटकी पाती खातात आणि अरण्याला त्यांचा त्रास होत नाही. ते फार झाले तर मात्र बाहेर पडतात आणि केल्पच्या बुंध्यालाच कुरतडू लागतात. बुंधा तुटला की तीस मीटरचा सारा वृक्ष वाहून जातो. पाणमांजर अर्चिन खाते, म्हणून केल्प टिकते. केल्प टिकते, म्हणून मासे टिकतात. एक कडी दुसरीत अडकलेली आहे.

माणसाने नेमकी हीच कडी तोडली. १७४१ मध्ये व्हिटस बेरिंग याच्या नेतृत्वाखालील रशियन मोहिमेचे खलाशी जहाज फुटून एका निर्जन बेटावर अडकले. त्यांच्यापैकी जे वाचले, त्यांनी परत येताना सागरी पाणमांजरांची कातडी आणली. त्या मऊ लवेला बाजारात सोन्यासारखा भाव आला आणि जपानपासून कॅलिफोर्नियापर्यंत या प्राण्यांची कत्तल सुरू झाली. दीडशेहून अधिक वर्षे ती चालली. १९११ मध्ये अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि जपान या देशांनी तह करून शिकारीला बंदी घातली, तेव्हा पूर्वीच्या लाखोंपैकी एक-दोन हजार पाणमांजरे कशीबशी उरली होती. कॅलिफोर्नियात तर ती संपलीच, असे लोक समजत. १९३८ मध्ये माँटेरेच्या दक्षिणेस एका उंच कड्याखाली सुमारे पन्नास पाणमांजरांचा कळप अचानक दृष्टीस पडला. एवढ्या लहान बीजापासून पुढे वंश वाढला. आज कॅलिफोर्नियात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास आहे.

या वंशाला परत येण्यासाठी चांगली जागा मिळाली, त्यात एका वृद्ध स्त्रीचाही हात आहे. माँटेरेला लागूनच पॅसिफिक ग्रोव्ह नावाचे लहान गाव आहे. तेथे ज्यूलिया प्लॅट नावाच्या बाई राहत. त्या प्राणिशास्त्रज्ञ होत्या. १८९८ मध्ये जर्मनीत त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती. परंतु स्त्रियांना विद्यापीठात जागा मिळणे तेव्हा फार कठीण होते. बाई निराश होऊन स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी गावच्या कामात लक्ष घातले. त्या काळी शेजारच्या किनाऱ्यावर मासे डब्यांत भरण्याचे कारखाने होते आणि त्यांची घाण समुद्रात जाई. १९३१ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्या गावच्या महापौर झाल्या. गावासमोरच्या समुद्राची व्यवस्था गावाकडे यावी, असा कायदा त्यांनी राज्याकडून करवून घेतला आणि समुद्रसंशोधन केंद्रापुढचा पट्टा जीवांसाठी राखून ठेवविला. तेथून काहीही काढून नेण्यास सामान्य लोकांना मनाई झाली. १९३५ मध्ये बाई वारल्या. त्या वेळी तेथे एकही पाणमांजर नव्हते. पुढे सुमारे तीस वर्षांनी, १९६० नंतरच्या दशकात, दक्षिणेकडून पाणमांजरे त्या किनाऱ्यावर परतली. राखून ठेवलेल्या पट्ट्यात त्यांना भरपूर अन्न मिळाले आणि त्यांच्यामागोमाग केल्पचे अरण्यही दाट झाले. आपण लावलेल्या झाडाची सावली ज्यूलिया प्लॅट यांना मिळाली नाही. परंतु झाड मात्र वाढले. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सरकारने सारा माँटेरे उपसागर व त्यापलीकडचा मोठा सागरप्रदेश राष्ट्रीय सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला.

गोष्ट येथे संपली असती तर ती फार गोड झाली असती. परंतु २०१३ मध्ये पाणबुड्यांना तळाशी काही विपरीत दिसू लागले. तारामासे आजारी पडत होते. त्यांच्या अंगावर पांढरे व्रण उठत, हात गळून पडत आणि थोड्याच दिवसांत त्यांचा चिखल होऊन जाई. सर्वांत मोठा बळी ठरला सूर्यफूल तारामासा. याला वीस-चोवीस हात असतात, तो जवळजवळ एक मीटर रुंद होतो आणि अर्चिन खातो. पाहता पाहता तो कॅलिफोर्नियातून जवळजवळ नाहीसा झाला. या रोगामागे एक जीवाणू आहे, हे शास्त्रज्ञांना २०२५ मध्ये कळून आले. तेवढ्यात २०१४ ते २०१६ या काळात समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा बरेच तापले. उबदार पाण्यात क्षार कमी असतात, त्यामुळे केल्प उपाशी राहिली. एकीकडे केल्प दुबळी झाली आणि दुसरीकडे अर्चिनांना खाणारा शत्रू उरला नाही.

माँटेरेच्या उत्तरेस तर पाणमांजरे शतकापूर्वीच संपली होती. ती तेथे परतलीच नव्हती. त्या किनाऱ्यावर तारामासा हाच एक राखणदार उरला होता. तोही गेल्यावर कोट्यवधी जांभळ्या अर्चिनांनी शेकडो किलोमीटर किनाऱ्यावरील नव्वद टक्क्यांहून अधिक केल्प काही वर्षांत फस्त केली. जेथे अरण्य होते तेथे काट्यांनी भरलेले उजाड खडक उरले. अर्चिनही उपाशीच, परंतु ते अन्नावाचून वर्षानुवर्षे तग धरून राहतात आणि केल्पचा कोवळा अंकुर दिसताच खाऊन टाकतात. केल्पवर जगणारे ॲबलोन नावाचे मोठे शंखजीव उपासमारीने मेले. त्यांची शिकार करणाऱ्या हौशी पाणबुड्यांना २०१८ पासून बंदी घालावी लागली.

माँटेरेत असे पूर्णपणे घडले नाही. तेथेही उजाड पट्टे पडले, परंतु त्यांच्यामध्ये अरण्याचे तुकडे शिल्लक राहिले. याचे कारण शोधण्यासाठी शास्त्रज्ञ पाणबुडे पुन्हा पुन्हा खाली गेले आणि त्यांना एक मौजेची गोष्ट आढळली. उजाड खडकावरचे उपाशी अर्चिन आतून पोकळ असतात, म्हणून पाणमांजरे त्यांच्या वाटेस जात नाहीत. ती अरण्यातील भरल्या पोटाचे अर्चिन निवडून खातात. म्हणजे गेलेले अरण्य पाणमांजर परत आणून देऊ शकत नाही. परंतु उरलेले अरण्य ते राखते. त्या उरलेल्या अरण्यातूनच उद्याचे बीज बाहेर पडेल.

जे काम पाणमांजराला करता येत नाही, ते माणसाने अंगावर घेतले. २०२१ मध्ये माँटेरेजवळच्या एका ठरावीक खडकाळ पट्ट्यात हौशी पाणबुड्यांना अर्चिन काढण्याची परवानगी देण्यात आली. सुट्टीच्या दिवशी गंमत म्हणून डुंबणारी माणसे हातात लहान हातोड्या घेऊन थंड पाण्यात तासन्‌तास राबू लागली. काही स्वयंसेवक दरवर्षी ठरलेल्या रेषेवरून पोहत मासे, अर्चिन आणि केल्पचे देठ मोजून त्यांची नोंद करतात. वॉशिंग्टन राज्यातील एका सागरी प्रयोगशाळेत सूर्यफूल ताराम���शाची पिल्ले वाढविण्यात यश आले आहे. केवळ हातोडीने सारा किनारा मोकळा होणार नाही, हे या माणसांना ठाऊक आहे. तरीही जेवढा तुकडा आपल्या हाती आहे तेवढा तरी राखावा, या निष्ठेने ती काम करतात.

आपल्या पाणबुड्याच्या नळकांड्यातील हवा आता कमी होत आली आहे. तो जोडीदाराला खूण करतो. दोघे सावकाश वर येऊ लागतात. पृष्ठभागापासून ५ मीटरवर ते तीन मिनिटे थांबतात आणि केल्पच्या छतातील मोकळी जागा पाहून डोके बाहेर काढतात. समोर तोच समुद्र पसरलेला असतो, हिरवट, थंड आणि उदास. काठावर उभ्या असलेल्या माणसाला त्यात काहीच दिसत नाही. रानातील झाडे तोडली तर वाटसरूलाही कळते; समुद्रतळीचे अरण्य मात्र पूर्णपणे नाहीसे झाले तरी वरच्या लाटा पूर्वीसारख्याच उसळत राहतात. म्हणूनच कोणीतरी खाली उतरून पाहणे, पाहिलेले मोजणे आणि मोजलेले इतरांना सांगणे अवश्य असते.

आपल्या महाराष्ट्रातही मालवणच्या समुद्रात १९८७ मध्ये सागरी अभयारण्य स्थापन झाले आहे. तेथील पाणी उबदार आहे आणि तेथे केल्प नाही. परंतु त्या लाटांखालीही एक संसार नांदतो आहे. पुढे कधी त्या किनाऱ्यावर उभे राहाल, तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागावरून समुद्राची परीक्षा करू नका.

शब्दार्थ

शिदोरी : प्रवासात बरोबर नेलेले अन्न
शिरस्त्राण : डोक्याचे रक्षण करणारे टोप
विपरीत : नेहमीपेक्षा उलटे, अशुभ
तग धरणे : कठीण परिस्थितीतही टिकून राहणे
वाटेस न जाणे : एखाद्यापासून दूर राहणे

अभ्यास

१. माँटेरेच्या समुद्राचे पाणी हिरवट का दिसते? त्याला लेखकाने श्रीमंतीची खूण का म्हटले आहे?
२. खोल समुद्रातील थंड पाणी वर कसे येते, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. पाणबुड्याने पाळावयाचे तीन नियम कोणते? प्रत्येकाचे कारण द्या.
४. पाणमांजर, अर्चिन आणि केल्प यांचा परस्परसंबंध पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. ‘आपण लावलेल्या झाडाची सावली ज्यूलिया प्लॅट यांना मिळाली नाही, परंतु झाड मात्र वाढले.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. माँटेरेच्या उत्तरेकडील केल्पचे अरण्य जवळजवळ नष्ट झाले, परंतु माँटेरेत त्याचे तुकडे शिल्लक राहिले. असे का घडले?
७. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : फस्त करणे, अंगावर घेणे, अंगावर शहारे येणे, तग धरणे.
८. तुमच्या गावाजवळील नदी, तळे, खाडी किंवा रान यांपैकी एखाद्या ठिकाणी जा. तेथे दिसलेल्या जीवांची नोंद करा आणि त्यांपैकी कोण कोणावर अवलंबून आहे, ते लिहून काढा.